वाऱ्याचा आकडा

त्या वर्षी धुळीचा वारा लवकर सुटला. एरवी तो माळावरचं गवत वाळून काडी झाल्यावर यायचा. या खेपेला गवताच्या बुडाशी अजून हिरवं होतं, आणि तरी दुपार कलायला लागली की लांबवर तांबूस भिंत उभी राहायची. बघता बघता ती भिंत जवळ यायची, तोंडात माती करकरायची आणि मग माळभर एकच घरघर सुरू व्हायची. सोलरच्या सगळ्या रांगा आडव्या पडायला लागायच्या.

"झोपल्या गं बायांनो," प्लेटा धुणाऱ्या बायकांपैकी कोणीतरी म्हणायचं. "आता फोरमनचा फोन वाजणार."

आणि तो वाजायचाच.

फोरमन म्हणजे ताईचा नवरा. त्या माळावरच्या प्लेटा त्याच्या जिवावर सोडलेल्या. प्लेटा एका जागी खिळवलेल्या नव्हत्या. लांबच लांब लोखंडी नळ्यावर त्या बसवलेल्या आणि नळ्याच्या मधोमध मोटर. सकाळी सगळ्या रांगा उगवतीकडे कललेल्या असायच्या, दुपारी आभाळाकडे आणि दिवस उतरला की मावळतीकडे. इतक्या सावकाश वळायच्या की टक लावून बसलं तर हललेल्या दिसायच्या नाहीत, आणि पाणी पिऊन यावं तर सावली सरकलेली असायची.

वारा आला की मात्र सूर्य सोडून त्यांनी आडवं व्हायचं. कललेल्या प्लेटेत वारा भरला तर तो तिला मुळासकट उपटू बघतो. म्हणून फाटकाशी उंच खांब होता, आणि खांबाच्या टोकाला वाट्यावाट्यांची फिरकी. वारा किती आहे ते ती मोजायची. कंट्रोलच्या खोलीतल्या मशीनमध्ये एक आकडा भरलेला होता. वारा त्या आकड्याच्या वर गेला की माणसाने बोटही न लावता रांगा आपोआप झोपायच्या, आणि वारा पडून चांगला वेळ शांत गेल्याशिवाय उठायच्या नाहीत.

नोकरीबरोबर फाटकाला लागून दोन खोल्या मिळाल्या होत्या. एकात स्वयंपाक आणि नवरा-बायको, दुसरीत ताईचा धाकटा भाऊ. केस लहानपणापासून भुरे म्हणून त्याला सगळे भुऱ्या म्हणत. बेकरीत राहिला, ट्रकवर गेला, रंगाऱ्याच्या हाताखाली भिंती घासल्या. कुठेही वर्ष निघालं नाही. आई म्हणायची, ह्याच्या बुडाखाली काय काटे आहेत देव जाणे. शेवटी ताईनेच नवऱ्याच्या मागे लागून त्याला इथे आणला. आणि काय झालं कोण जाणे, इथे तो रमला. मोटर उघडायची, गिअरमधली माती काढायची, ग्रीस भरायचं, अडकलेली रांग हातदांड्याने फिरवून जागेवर आणायची. संध्याकाळी काळ्या हातांनी घरी आला की दारातूनच ओरडायचा, "ताई, साबण!" तिला ते ऐकायला बरं वाटायचं. तीस वर्षांचा झाला, पण शेवटी कुठेतरी टिकला.

ताई स्वतः प्लेटा धुणाऱ्या बायकांत होती. उजाडायच्या सुमाराला ट्रॅक्टर टाकी घेऊन निघायचा, मागून पाइप आणि लांब दांड्यांचे ब्रश घेऊन बायका. ऊन चढायच्या आत धुवून व्हायला हवं, नाहीतर गरम काचेवर पाणी टाकलं की डाग पडतात. धुळीच्या दिवसांत तर काम संपता संपायचं नाही. रांगा आडव्या असल्या की उडालेली सगळी माती त्यांच्यावरच बसायची. पहाटेचं दव पडलं की तिचा चिखल व्हायचा. दोनदा घासल्याशिवाय काच दिसायची नाही. डोक्याच्या वर ब्रश रेटून रेटून ताईचा उजवा खांदा असा धरायचा की वेणी घालताना हात मानेपर्यंत जायचा नाही.

"ताई, तू त्यांना आंघोळ घालतेस, मी त्यांची हाडं चेपतो," भुऱ्या एकदा रांगेखालून म्हणाला. तो नळ्याला कान लावून बसला होता. "एवढ्या लाडाने कोणी मला वाढवलं नाही."

"तुला घातली असती आंघोळ, पण सापडायचास कुठे?"

बायका हसल्या. तोही हसला. दात पांढरे, बाकी सगळं तोंड मातीने भरलेलं.

वाऱ्याचं काही कमी होईना. फिरकी गरगरायची, आकडा ओलांडायचा, रांगा झोपायच्या. अर्ध्या तासाने वारा पडायचा. रांगा उठायच्या बेताला आल्या की परत एक झोत. वर ऊन कडक, आणि खाली प्लेटा आभाळाकडे पोट करून पडलेल्या. दिवस उतरताना जी वीज व्हायची ती होईचना. शहरातल्या ऑफिसात बसल्या जागी सगळं दिसायचं.

एका दुपारी तिघं खोलीत जेवायला बसले होते. बाहेर वारा होता. दाराच्या फटीला ताईने ओलं पोतं लावलं होतं, तरी ताटात माती येत होती. फोन वाजला. फोरमनने हात न धुताच घेतला. मोठ्या साहेबांचा आवाज इतका मोठा होता की फोन कानापासून लांब धरला तरी सगळ्यांना ऐकू येत होता.

"काय हो, वारा काय तुमच्याकडेच वाहतो का? बाकीच्या ठिकाणी प्लेटा चालतात, तुमच्या तेवढ्या नाजूक?"

"साहेब, इथे माळ उघडा आहे. आडोसा नाही—"

"आडोसा नाही! मग काय भिंत बांधून देऊ? त्या मशीनमध्ये आकडा कोणी भरलाय, देवाने? जरा डोकं चालवा. नाहीतर डोकं चालवणारा माणूस बघू आम्ही."

"हो साहेब."

"हो साहेब काय? कळलं का?"

"कळलं साहेब."

फोन बंद झाला. फोरमनच्या बोटांवरचा भात वाळला होता. तो ताटाकडे बघत राहिला. पन्नाशीला टेकलेला माणूस, कानशिलं पांढरी झालेली, आणि मेहुण्यासमोर शाळेतल्या पोरासारखं 'कळलं साहेब' म्हणावं लागलं. ताईला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

"करा की मोठा आकडा," ती म्हणाली. "रोजची कटकट. तेच सांगतायत ना?"

"सांगत नाहीत. सुचवतायत," फोरमन म्हणाला. "सांगतील कशाला? उद्या काही झालं तर?"

"काय व्हायचंय? एवढे दिवस जरा झुळूक आली की झोपतायत. थोडा वाढवला म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?"

फोरमनने भुऱ्याकडे बघितलं. भुऱ्याने खांदे उडवले. "मला काय विचारता दाजी. कडेची रांग जरा थरथरते, पण थरथरायला तर मीपण थरथरतो ताईसमोर."

फोरमन हसला नाही, पण उठला. हात धुतले. कंट्रोलच्या खोलीकडे गेला. ताई उष्टी भांडी गोळा करत असताना तो परत आला आणि म्हणाला, "वाढवला." ती म्हणाली, "बरं केलंत. आता जेवा." त्याने उरलेलं जेवण संपवलं.

पुढचे काही दिवस फोन आला नाही. वारा यायचा, रांगा जरा हलायच्या, पण झोपायच्या नाहीत. मावळतीकडे तोंड करून संध्याकाळपर्यंत ऊन खायच्या. साहेबांनी एकदा फोन केला तो कौतुकाचा. त्या संध्याकाळी फोरमनने येताना अंडी आणली आणि बायकोच्या खांद्याला तेल लावून दिलं. "तुझ्यामुळे सुटलो," म्हणाला. त्या रात्री ताईला झोप चांगली लागली.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी सकाळपासून वारा नव्हताच. पान हलत नव्हतं. उकाडा असा की धुऊन परत आलेल्या बायका ट्रॅक्टरच्या सावलीत आडव्या झाल्या. कुंपणाजवळच्या कडेच्या दोन रांगांपैकी एक सकाळी उठलीच नव्हती. गिअरमध्ये माती जाऊन ती कालच्या जागी, मावळतीकडे तोंड करून अडकली होती. सकाळभर सगळा माळ एकीकडे बघतोय आणि ती एकटी दुसरीकडे. जेवण झालं, दुपार कलायला लागली, तसा भुऱ्या हातदांडा, पक्कड आणि ग्रीसचा डबा घेऊन निघाला.

"ऊन उतरू दे की," ताई म्हणाली.

"उतरल्यावर तिला फिरवून काय करू? उद्याची वाट बघायला लावू?"

तो गेला. ताईने चहाचं आधण ठेवलं. पाण्याला उकळी यायच्या आत उजेड बदलला. भिंतीवरचं ऊन पिवळं झालं, मग विटकरी. ती दारात आली तर तांबूस भिंत कुंपणापलीकडे आलेली. आणि या खेपेला ती रोजच्यासारखी सरकत नव्हती, धावत होती.

पहिल्या झोताने दाराचं पोतं उडून गेलं. फोरमन कंट्रोलच्या खोलीतून बाहेर पळत आला आणि परत आत पळाला. खांबावरची फिरकी दिसेनाशी झाली, नुसता एक धुरकट गोळा. मग घरघर सुरू झाली. रांगा झोपायला लागल्या होत्या. पण त्या वळतात सावकाश, वाऱ्याने घाई केली म्हणून त्या घाई करत नाहीत. आकडा जुना असता तर पहिल्या झुळुकीलाच निघाल्या असत्या आणि एव्हाना आडव्या झाल्या असत्या. आता त्या निम्म्यावर होत्या आणि पुरता वारा त्यांच्या पोटात होता.

ताईने भुऱ्याला हाक मारली. तोंडात माती गेली. ती कुंपणाच्या दिशेने धावली. पुढे दोन हातांवरचं दिसत नव्हतं. तिला ऐकू येत होतं ते असं, की कोणीतरी प्रचंड मोठा पत्रा हातात धरून झटकतोय. फटाक्, फटाक्. कडेची रांग एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली अशी पिळत होती. मग लोखंड फाटल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर काचांचा.

वारा पडला तेव्हा माळावर उन्हं आली होती. भुऱ्या ज्या रांगेवर काम करत होता ती धड होती. तिच्या शेजारची, कुंपणाकडची, नळा तुटून त्याच्यावर आली होती. तो पालथा होता. कमरेवर नळा, पाठीवर काचेचा भुगा. हातदांडा अजून मुठीत.

फोरमन, ट्रॅक्टरवाला आणि बायका मिळून त्यांनी नळा उचलला. उचलताना फोरमनच्या तोंडून एकच निघत होतं, "हळू. हळू. हळू." भुऱ्याचे डोळे उघडे होते. ताईने मांडीवर डोकं घेतलं.

"ताई," तो म्हणाला, "माझ्या पायांवरून काढा ना ते."

पायांवर काही नव्हतं.

शहरातल्या दवाखान्यात त्याला आत घेतलं आणि दोघं बाहेरच्या बाकावर बसले. अंगावर तीच माती. फरशी पुसणारी बाई दोनदा त्यांच्या पायांखालून फडकं फिरवून गेली आणि दोनदा कपाळाला आठ्या घातल्या. डॉक्टर म्हणाले, पाठीचा कणा तुटलाय, आत रक्त आहे, आजची रात्र काढली तर बघू. आशा धरा असं ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून दोन माणसं आली. त्यांनी फोरमनला जिन्याखाली नेलं. बऱ्याच वेळाने तो परत आला आणि बायकोशेजारी बसला. बसला तो दोन माणसांची जागा सोडून.

"काय विचारत होते?"

"आकडा कोणी बदलला म्हणून."

"मग?"

"साहेब म्हणतात, त्यांनी कधीच सांगितलं नाही. तसा फोनच झाला नाही म्हणतात."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"डॉक्टर म्हणाले ना, तो राहणार नाही म्हणून." त्याचा आवाज इतका बारीक झाला की तिला वाकून ऐकावं लागलं. "गेलेल्या माणसाला कोण काय करतंय? मी म्हणालो, शिकाऊ होता. मला न विचारता त्याने हात लावला. नोकरी जाईल गं. खोल्या जातील. नुसती नोकरी नाही, मला आत टाकतील."

ताईने त्याच्याकडे बघितलं. तिला ओरडायचं होतं. पण 'करा की मोठा आकडा' हे तिचंच तोंड बोललं होतं. तेच तोंड आता काय ओरडणार? ती उठली, नळावर गेली, आणि कोपरापर्यंत हात धूत राहिली. मागे रांग लागली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "बाई, आटपा."

आणि भुऱ्या वाचला.

त्याला घरी आणलं तेव्हा धुळीचे दिवस संपत आले होते. कमरेखाली त्याचं काही चालत नव्हतं. लघवीला नळी, तिला पिशवी. दर थोड्या वेळाने कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठ सडते असं नर्सने सांगितलं होतं. ताईने धुण्याचं काम सोडलं. एक हात मानेखाली, एक मांडीखाली, आणि गुडघा खाटेला टेकवून ओढायचं. दुखऱ्या खांद्यातून कळ यायची. भुऱ्या तेवढ्यात छताकडे बघत शीळ घालायचा, तो लाजतोय हे तिला दिसू नये म्हणून.

"बेकरीत मैद्याची पोती अशीच फिरवायचो मी," तो एकदा म्हणाला. "उंदीर लागू नयेत म्हणून."

"गप रे."

"नाही, हात चांगला बसलाय तुझा."

फोरमन कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "जेवला का तो?" आत यायचा नाही. पिशवी रिकामी करायचं काम मात्र त्याने स्वतःकडे घेतलं होतं. सकाळी भुऱ्या झोपेत असताना तो पाय न वाजवता यायचा, पिशवी न्यायचा, धुऊन आणून लावायचा. भुऱ्या झोपेत नसायचा. डोळे मिटून पडलेला असायचा. ताईला ते माहीत होतं.

मग ऑफिसातली ती दोन माणसं घरी आली. पेशंटचा जबाब राहिला होता. खोलीत वास होता, कितीही धुतलं तरी असायचा. त्यातल्या तरण्या माणसाने रुमाल नाकाला लावला आणि लक्षात आल्यावर खिशात घातला. त्यांना बसायला फोरमनने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. ताई खाटेच्या पायथ्याशी भाताची वाटी घेऊन.

"कंट्रोलच्या मशीनमधला वाऱ्याचा आकडा," वयस्कर माणूस म्हणाला, "तो तुम्ही बदलला होता, असं इथल्या फोरमनचं म्हणणं आहे. बरोबर?"

भुऱ्याने आधी त्या माणसाकडे बघितलं. हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याची नजर सावकाश दाराकडे गेली. दाजी जमिनीकडे बघत होते. मग ताईकडे. ती वाटीतला भात उगाच चमच्याने कालवत होती.

"म्हणजे, नसेल तर तसं सांगा," तो माणूस म्हणाला. "तुमची चूक नसेल तर भरपाईचा विचार करता येईल. तुमची असेल तर मग नाही. समजतंय ना?"

"समजतंय," भुऱ्या म्हणाला. "पायच गेलेत, कान नाही."

"मग?"

"हो. मीच बदलला. सारखं झोपणं-उठणं बघून वैताग आला होता. दाजींना माहीत नव्हतं. कुठे करायची सही?"

त्यांनी खाली पुठ्ठा धरून कागद त्याच्यापुढे केला. सही करताना त्याची जीभ दातांत आली होती. ते गेले तेव्हा फोरमन त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. ताईने काही बोलायला तोंड उघडलं.

"भात गार झाला," भुऱ्या म्हणाला. "भरवायचा तर भरव, नाहीतर वाटी दे इकडे."

तिने भरवला. ती रडत होती आणि तो खात होता.

आठवडाभराने आई आली. तिला आधी आणलं नव्हतं. दम्याची बाई, धुळीत टिकली नसती. आता हवा स्वच्छ होती. तिने आल्या आल्या मुलाच्या पायांवरून हात फिरवला. पोटऱ्या सुकून हातात मावत होत्या. तिने एक पोटरी दाबली, मग चिमटा काढला. भुऱ्या तिच्याकडे हसत बघत होता. त्याला काही कळलं नव्हतं. आईने हात काढून घेतला.

जेवणं झाल्यावर ती खाटेशी बसली. दारात ट्रॅक्टरवाल्याची बायको भेटून गेली होती, तिच्याकडून आईला कळायचं ते कळलं होतं.

"म्हणजे तूच केलंस हे," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "ज्याला हात लावायचा नाही त्याला हात लावलास."

"हो गं आई."

"बेकरीत भट्टी फोडलीस. ट्रक खड्ड्यात घातलास. मी म्हटलं जाऊ दे, लहान आहे. बहिणीने पदरचं माणूस म्हणून आणून उभा केला इथे. तिच्या नवऱ्याच्या अब्रूचा तरी विचार करायचास. जन्मात एक गोष्ट धड केलीस का रे? एक तरी?"

"नाही केली," भुऱ्या म्हणाला. हसू तसंच होतं, पण मानेची शीर उडत होती.

"आता मी मेल्यावर तुझं कोण करणार? ही किती दिवस करेल? काय पाप केलं होतं तिने, की तुझं हे—"

"आई, तो नव्हता."

ताई भांडी टाकून आत आली होती. तिचे हात ओले होते. आईने मान वळवली.

"आकडा त्याने नाही बदलला. ह्यांनी बदलला. आणि ह्यांना मी सांगितलं, करा म्हणून. जेवताना सांगितलं. तो नुसता हसला होता."

"ताई!" भुऱ्या ओरडला. दवाखान्यापासून आजवर तो कधी ओरडला नव्हता. कोपरांवर उठायला बघत होता, धड वर येत होतं आणि बाकीचं तिथेच राहत होतं. "कशाला बोललीस? कोणी विचारलं होतं तुला? मी दिलं होतं ना तुला ते! एवढं एक दिलं होतं. ते पण ठेवता आलं नाही तुला?"

तो उशीवर पडला आणि हाताने तोंड झाकलं. आई लेकीकडे बघत होती. दारात फोरमन उभा होता. कधी आला होता कोणालाच कळलं नव्हतं.

तो आत आला. भुऱ्याच्या खाटेपर्यंत न येता मधेच थांबला. खिशातून फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ऑफिसातल्या त्या वयस्कर माणसाला लावला. त्याने सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण काही मागे ठेवलं नाही. आपलं नाव दोनदा घेतलं. पलीकडचा माणूस ऐकत होता. मग त्याचा आवाज आला, थकलेला, जरा वैतागलेला.

"अहो, पेशंटने स्वतः सही केलीय. वरती गेलं ते, मिटलं प्रकरण. आता उकरून कोणाचं भलं होणार आहे? तुम्ही तुमचं काम सांभाळा."

"पण साहेब, खरं—"

"ठेवतो मी."

फोरमनने आणखी दोन फोन केले. दुसऱ्या दिवशी शहरातल्या ऑफिसात जाऊन आला. त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी शिपायाने सांगितलं की साहेब निघून गेले. नोकरी राहिली. खोल्या राहिल्या. मोठ्या साहेबांनी आकडा मात्र कोणाला तरी सांगून परत जुना करून घेतला.

आई म्हणाली, "मी त्याला घेऊन जाते."

"आई, तुझ्याच्याने उचलणार नाही तो. तुझा दमा—"

"शेजारी आहेत. उचलतील."

"मी करते ना गं. हात बसलाय माझा."

"माहितीये," आई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर ताईला सोपं गेलं असतं. "तू वाईट नाहीस. जावईबापूपण वाईट नाहीत. पण माझं पोर इथे तुमच्याकडे बघत रोज हसणार. मला ते बघवत नाही."

दोन दिवस भुऱ्या बहिणीशी बोलला नव्हता. विचारलं तर हो, नाही, एवढंच.

सकाळी जीप आली. मागची बाकं काढून गादी अंथरली होती. फोरमन आणि ट्रॅक्टरवाल्याने चादरीसकट त्याला उचललं. फोरमनने डोक्याकडची बाजू धरली होती. जीपमध्ये ठेवताना दोघांची तोंडं समोरासमोर आली. फोरमनचे ओठ हलले. भुऱ्या म्हणाला, "दाजी, पिशवी सांभाळा, गळेल." फोरमनने पिशवी नीट बाजूला ठेवली, नळीला पीळ पडला होता तो सोडवला, आणि बाजूला होऊन फाटकाचा गज धरून उभा राहिला.

आई पुढे बसली. माळावर बायका धूत होत्या, ट्रॅक्टरचा आवाज येत होता. वारा अजिबात नव्हता. ताई मागच्या दाराशी आली. भुऱ्याचे पाय दाराबाहेर राहिले होते, एक टाच बाहेरच्या हुकाला टेकलेली, आणि तिथे कातडीवर वळ उठला होता. तिने दोन्ही पाय उचलले. गुडघ्यात दुमडून एकावर एक ठेवले, खाली उशी सरकवली, टाचेवरून अंगठा फिरवला. तो छताकडे बघत होता.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

"ताई," भुऱ्या म्हणाला. त्याने मान उचलायचा प्रयत्न केला, पण त्याला तिथवर दिसत नव्हतं. "पाय आले का गं आत?"

"आले," ती म्हणाली.

"नक्की? बघ नीट."

"आलेत रे. दोन्ही आलेत."

"मग लाव दार," तो म्हणाला.

तिने दार लावलं.